आठवा त्रिकोण

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमचा ताप काही कमी होत नाही. परवा इथल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने मला धरलं. डोंबिवलीत आता अशी मंडळं गल्लोगल्ली आहेत, आणि निवृत्त माणूस दिसला की त्याला बोलायला उभं करायचं हा त्यांचा उद्योग. विषय दिला 'माझे शिक्षक', वेळ दहा मिनिटं. मी म्हटलं, मला जमायचं नाही, मी विमानात नॅव्हिगेटर होतो, आयुष्यभर पायलटच्या मागे कोपऱ्यात बसून आकडेमोड केली, भाषणं कधी ठोकली नाहीत. पण ऐकतील तर शपथ. शेवटी उभा राहिलो आणि तुमची-माझी ती वहीची गोष्ट सांगितली, घड्याळामुळे पकडला गेलो ती. लोक पोट धरून हसले, टाळ्या वाजवल्या, अध्यक्षांनी शाल घातली. एक बाई मुद्दाम जवळ येऊन म्हणाल्या, असे गुरू आता कुठे मिळतात. मी मान डोलावली. घरी येऊन पानावर बसलो तेव्हा ध्यानात होतं की गोष्ट मी अर्धीच सांगितली होती. नेहमी अर्धीच सांगतो. आणि तुम्ही जिथे कुठे असाल तिथून भुवई वर करून विचारताय, "म्हणजे?" हा तुमचा एक शब्द माझ्या कानात जन्मभर भुणभुण करतोय. बायकोने भाजी कशी झाली विचारलं आणि मी बरी म्हटलं, तरी मागून तुमचा आवाज येतो, बरी म्हणजे किती बरी. माणसाने जेवायचं तरी कसं, सांगा मला.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा पन्नास-एक्कावन्नचे दिवस होते. बी.एस्सी. होऊन घरी माशा मारत बसलेलो. विमान कंपन्या तेव्हा समुद्रावरून लांब पल्ल्याच्या फेऱ्या वाढवत होत्या, एडनला, नैरोबीला, तिथून पुढे. जमिनीवरून उडताना पायलटला नदी दिसते, रूळ दिसतात, एखादं मोठं गाव दिसतं. समुद्रावर काय दिसणार? नाकाची दिशा एका अंशाने चुकली की साठ मैलांत विमान एक मैल बाजूला जातं, एडनपर्यंत सत्तावीस मैल, आणि वारा ढकलतो ते निराळंच. अरे बाबा तू चुकलास, असं सांगायला तिथे कोणी उभं नसतं. म्हणून ताऱ्यांवरून आणि गणितावरून विमान ह्या क्षणी कुठे आहे ते सांगणारा एक माणूस लागायचा. तुम्ही युद्धात बंगालच्या उपसागरावर हेच काम केलेलं. कानाचा पडदा फाटला, डॉक्टरांनी कायमचं जमिनीवर बसवलं, आणि मग तुम्ही ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, आमच्यासारख्या तीन-चार पोरांचा जीव खायला मोकळे झालात.

वर्ग भरायचा स्वयंपाकघरात, कारण अख्ख्या घरात नकाशा पूर्ण उलगडेल एवढी जमीन फक्त तिथेच होती. एका टोकाला मुंबई, दुसऱ्या टोकाला आफ्रिका, आणि आफ्रिकेला चिकटून शेगडी. काकूंच्या पोळ्या लाटून झाल्या की त्या पोळपाट भिंतीला टेकवायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "तो अरबी समुद्र जरा उचला, पानं मांडायचीत." आम्ही समुद्र गुंडाळायचो, जेवायचो आणि परत अंथरायचो. तुम्ही जेवतानाही सोडायचा नाहीत. दर वीस मिनिटांनी लॉग लिहायचा म्हणजे लिहायचा, हातात आमटीची वाटी असली तरी. नुसत्या कल्पनेतल्या विमानाचा लॉग, सर. वेळ, दिशा, वेग, वारा, आत्ताची जागा, पुढची जागा. दोघांनी वेगवेगळं गणित करायचं, एकमेकांच्या कागदात डोकावायचं नाही, आणि मग आकडे ताडून बघायचे. कोणी म्हणालं की सर, उत्तर बरोबर आलं, तर तुमचा चेहरा आंबट. तुमचा पहिला प्रश्न कधीच 'कुठे आहेस' असा नसायचा. तुम्ही विचारायचात, "किती मैल चुकलायस?" आणि त्याचा आकडा द्यावा लागायचा. 'चुकलो नाही' म्हणणाऱ्याला तुम्ही गॅलरीत उभं करायचात. मी त्या गॅलरीत इतके वेळा उभा राहिलोय की खालचा पानवाला मला ओळखून हात करायचा.

आणि तुमचं ते वेळेचं खूळ. किती वाजले विचारलंत आणि मी साडेसहा म्हटलं की तुम्ही डोळे मिटून म्हणणार, "कुठले साडेसहा?" आता हे कोणाला सांगून पटत नाही, पण तेव्हा आपल्याकडे खरोखरच दोन टाइम होते. एक स्टँडर्ड टाइम, गाड्यांचा आणि सरकारचा. आणि एक जुना मुंबई टाइम, त्याच्या एकोणचाळीस मिनिटं मागे, तो काही कचेऱ्यांतून आणि हट्टी घरांतून अजून चालत होता. आमचं घर त्या हट्टी घरांतलं. वडील मुंबईला ज्या कचेरीत होते तिथे मुंबई टाइम, शिवाय नवा टाइम साहेबाने लादलेला आहे, तो आपल्या भिंतीवर लागणार नाही, असं आजोबांच्या वेळेपासून ठरलेलं. वडील रोज सकाळी घड्याळात बघायचे, मनात एकोणचाळीस मिनिटं मिळवायचे आणि डोंबिवली स्टेशनवर बरोबर गाडीच्या आधी पाच मिनिटं पोचायचे. आम्हा भावंडांना हे इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात काही वेगळं आहे असं वाटायचंच नाही. तुमच्या मनगटावर तिसराच टाइम, ग्रिनिचचा, स्टँडर्डच्याही साडेपाच तास मागे, कारण ताऱ्यांचं पंचांग त्यावर छापलेलं असतं. तुम्ही काकूंना सकाळी साडेदहाला सांगायचात की पाच वाजले, आणि त्या बिचाऱ्या हो म्हणायच्या.

तर, कंपनीची अट होती. नोकरीच्या परीक्षेला बसायचं तर आधी जमिनीवरून घेतलेले चोवीस वेध, पूर्ण गणितासकट, वहीत हवेत, आणि वहीखाली अनुभवी नॅव्हिगेटरची सही हवी की हे ह्याने स्वतः घेतले. वेध म्हणजे तारा क्षितिजापासून किती वर आहे ते सेक्स्टंटने मोजायचं. जहाजाला क्षितिज दिसतं, विमानातून आणि डोंबिवलीतून ते दिसत नाही, म्हणून आमच्या सेक्स्टंटमध्ये एक बुडबुडा असायचा. बुडबुडा मध्यावर आणायचा, तारा त्याच्या पोटात बसवायचा आणि दोन मिनिटं हात न हलवता धरून ठेवायचा. मग घड्याळातला सेकंदसुद्धा टिपून पंचांग आणि कोष्टकं उघडायची, आणि पानभर गणित करून नकाशावर एक रेघ काढायची. म्हणजे आपण त्या रेघेवर कुठेतरी आहोत. तीन ताऱ्यांच्या तीन रेघा. त्या एका बिंदूत मिळायला हव्यात, पण कधी मिळत नाहीत, मध्ये एक त्रिकोण उरतो, आणि आपण त्या त्रिकोणात कुठेतरी आहोत एवढंच माणूस खात्रीने सांगू शकतो. चोवीस वेध म्हणजे आठ त्रिकोण. तुम्ही तुमचा सेक्स्टंट मला पंधरा दिवस घरी न्यायला दिलात, वर तुमचं जादा घड्याळ दिलंत आणि म्हणालात, ह्याला पोराबाळांचा हात लागता कामा नये. सेक्स्टंट की घड्याळ, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

पहिले पाच त्रिकोण मी इमानेइतबारे घेतले. मे महिना, अंगाची लाही, गच्चीवर डासांचा थवा, आणि बुडबुडा काही केल्या जागेवर राहीना. दोन मैल चूक, चार मैल, एकदा सात. ते लाजत लाजत वहीत लिहिलं. सहाव्या दिवशी समोरच्या घरातल्या काकांनी वडिलांना रस्त्यात गाठलं आणि सांगितलं की तुमचा मुलगा रोज तिन्हीसांजेला गच्चीवरून दुर्बीण लावून आमच्या खिडकीत बघतो, घरात लग्नाच्या मुली आहेत. आता त्या खिडकीच्या वर स्वाती नक्षत्र उगवतं ह्याला मी काय करणार? वडिलांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, नक्षत्र असो नाहीतर काही असो, तू गच्चीवर जायचं नाही. मी तुमच्याकडे येऊन हे सांगायला हवं होतं. पण सांगणार कोणत्या तोंडाने? बावीस वर्षांचा घोडा, आणि मुलींच्या खिडकीत बघतो म्हणून घरात कोंडलाय. ते तुम्ही काकूंना सांगितलं असतंत, त्या हसल्या असत्या. तेव्हा मी सोपा मार्ग काढला. आपण कुठे बसलोय ते माहीत असलं की गणित उलट्या बाजूने करता येतं. अमुक वेळेला तमुक तारा डोंबिवलीहून किती उंच दिसायला हवा ते कोष्टकातून काढायचं आणि तोच आकडा 'मोजला' म्हणून लिहायचा. आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून दोन दुपारींत मी नऊ वेध बनवले. त्रिकोण इतके सुबक आले की मलाच माझं कौतुक वाटलं.

तुम्ही वही घेतलीत, खाली बसलात, पहिल्या पाच त्रिकोणांची पानं सरसर उलटलीत आणि सहाव्या त्रिकोणाशी थांबलात. पट्टी लावून मोजलंत. सातवा मोजलात. आठवा. मग काकूंकडे चहा मागितलात, आणि मला वाटलं प्रसन्न झालात. चहा पिऊन म्हणालात, अर्धा मैल? मी म्हटलं, सर, हात बसला आता माझा. मग तुम्ही अगदी गोड आवाजात विचारलंत, आणि तुमचा आवाज गोड झाला की मी समजायला हवं होतं.

"स्वाती किती वाजता घेतलीस?"

"सात वाजून पाच मिनिटांनी, सर. स्टँडर्ड."

"मे महिन्यात डोंबिवलीला सूर्य किती वाजता मावळतो?"

सूर्य मावळतो सातच्या पुढेच. सात वाजून पाच मिनिटांनी आभाळ लख्ख असतं, तारा कसला दिसतोय. पण आमच्या घरी लहानपणापासून सात वाजता दिवे लागतात, सातला परवचा, सातनंतर तारे, कारण आमच्या भिंतीवरचे सात म्हणजे जगाचे सात एकोणचाळीस. पाटावर बसून आकडे बनवताना मी मान वर करून त्या घड्याळाकडे बघितलं आणि सवयीने तारे निघायची वेळ लिहिली, सात पाच, सात दहा, सात चौदा. वर ती स्टँडर्ड समजून तिच्यातून साडेपाच तास वजा केले. आमच्या घरचा मुंबई टाइम तुम्हाला ठाऊक होताच. तुम्ही पेन्सिल घेतलीत आणि वहीच्या पाठकोऱ्या पानावर मला गणित करून दाखवलंत. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हा मुलगा खरोखर तारा मोजता तर एकोणचाळीस मिनिटांमुळे पावणेदहा अंश पूर्वेला गेला असता, पार बस्तरच्या पलीकडे जंगलात. हा तर अर्ध्या मैलाच्या आत डोंबिवलीत बसलाय. "म्हणजे तारा ह्याने पाहिलाच नाही," तुम्ही काकूंकडे बघून म्हणालात, माझ्याकडे बघितलंत पण नाही. आणि खरोखर वेध घेणारा माणूस वेळ मनगटावर बघतो, भिंतीवर नाही, हेही वर ऐकवलंत. मंडळात लोक हसले ते इथे.

मला मात्र तेव्हा भयंकर राग आला होता, तुम्हाला वाटलं असेल लाज, पण आधी रागच आला. नऊ वेध खोटे होते, ठीक, नऊ परत घ्यायला सांगा. तुम्ही चोवीसच्या चोवीस परत घ्यायला लावलेत. पंधरा खरे होते ते सुद्धा. मी गयावया केली की सर, जूनच्या दुसऱ्या शनिवारी कंपनीची मुदत संपते, ही संधी गेली तर वर्षभर दुसरी नाही, वडील रिटायर होतायत. तुम्ही म्हणालात, "पहिले पंधरा खरे आहेत हे आता मी कशावरून मानू?" काकूंनी मध्ये पडायचा प्रयत्न केला, त्यांनाही गप्प केलंत. त्या माऊलीने जिन्यापर्यंत येऊन माझ्या हातावर दोन तिळगुळाच्या वड्या ठेवल्या, मे महिन्यात कुठून काढल्या कोण जाणे. मी त्या टेंभी नाक्यावर उभं राहून चावल्या आणि तुम्हाला मनातल्या मनात जे काही बोललो ते इथे लिहीत नाही.

दुसरी वही मी शहाडला भरली. घरच्या गच्चीची बंदी, म्हणून रोज संध्याकाळी शहाडला उतरायचं आणि उल्हास नदीच्या काठाला मोकळ्या जागी जाऊन बसायचं. तिथे कोणाची खिडकी नव्हती. म्हशी होत्या, आणि एक गुराखी, तो दोन दिवस बघत राहिला आणि मग विचारता झाला की ह्यातून पाऊस कधी पडणार ते कळतं का. जूनच्या दुसऱ्या शनिवारी मी वही घेऊन ठाण्याला आलो. तुम्ही दोन तास लावलेत. प्रत्येक आकडा तपासलात, प्रत्येक वेळ सूर्यास्ताशी ताडून पाहिलीत, प्रत्येक त्रिकोण मोजलात. मग सही केलीत. मी धावत जाऊन वही कंपनीत दिली, परीक्षेला बसलो, पास झालो, सहा महिन्यांत समुद्रावर गेलो. लोकांना गोष्ट एवढीच ठाऊक आहे.

विमानात मी तुमच्यावर कडी केली, सर. माझ्या बरोबरीचे नॅव्हिगेटर तीन तारे घेऊन मोकळे व्हायचे, मी पाच घ्यायचो. विमानाच्या छताला काचेचा घुमट असायचा, त्यात डोकं घालून स्टुलावर उभा राहायचो आणि खालून कॅप्टन ओरडायचा की झालं का तुझं ज्योतिष. लॉग दर वीस मिनिटांनी, एक मिनिट इकडेतिकडे नाही. त्रिकोण मोठा आला तर मोठाच दाखवायचो, नऊ मैल, अकरा मैल, त्यात मध्ये ठिपका देऊन 'आपण इथे आहोत' असं कधी सांगितलं नाही, 'ह्याच्या आत कुठेतरी' म्हणायचो. पायलट लोक वैतागायचे. त्यांना ठिपका हवा असतो. पाठीमागे मला 'कुठेतरी' असंच नाव पडलेलं. हे सगळं तुम्ही शिकवलंत म्हणून करत होतो असं लोकांना वाटतं आणि मी वाटू देतो.

ती जुलैतली एडनची फेरी तुम्हाला आठवत असेल. मुंबई सोडून चार तास झालेले, वर ढग, खाली ढग, एक तारा दिसत नाही. समोरचा वारा हवामानवाल्यांनी सांगितला त्याच्या जवळजवळ दुप्पट निघालेला, हे मी शेवटच्या वेधावरून काढलेलं, आणि तो वेधही दीड तास जुना. समुद्रावर एक जागा अशी येते की तिच्या पुढे गेलं तर परत फिरायला पेट्रोल उरत नाही. तुम्ही तिला उंबरठा म्हणायचात. तो उंबरठा बारा मिनिटांवर आलेला. कॅप्टनने विचारलं, नक्की सांग, पोचतो की नाही. मी म्हटलं, नक्की माहीत नाही, चाळीस मैलांच्या आत कुठे आहोत ते मला सांगता येत नाही, वारा असाच राहिला तर एडनला पोचेपर्यंत राखीव पेट्रोलला हात लागेल, मी असतो तर परत फिरलो असतो. तो मला इंग्रजीत जे बोलला ते बोलला आणि त्याने विमान वळवलं. सकाळी मुंबईला उतरलो तेव्हा प्रवाशांनी नुसता गोंधळ घातला. आणि कळस म्हणजे आमच्या मागून निघालेलं दुसऱ्या कंपनीचं विमान आरामात एडनला पोचलं. वारा मध्येच पडला होता. कंपनीने माझ्याकडून लेखी खुलासा मागवला, कॅप्टन महिनाभर माझ्याशी बोलला नाही, आणि 'कुठेतरी'च्या जागी मला 'परत फिर' म्हणायला लागले.

तेव्हा मी लॉगची नक्कल घेऊन तुमच्याकडे आलेलो. तुम्ही ती स्वयंपाकघरात जमिनीवर पसरलीत, चष्मा कपाळावर चढवलात आणि ओळन् ओळ वाचलीत. मला वाटत होतं आता हाच माणूस एखादी चूक काढणार. तुम्ही कागद नीट घडी करून माझ्या हातात दिलेत आणि म्हणालात, "परत फिरलास ते बरोबर केलंस. वारा पडणार हे तुला कुठे माहीत होतं?" थोड्या वेळाने काकूंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालात, "म्हणून तर मी ह्याच्या वहीवर सही केली." काकूंनी त्या दिवशी गूळपोळ्या केल्या. तुम्ही मला तिसरी वाढायला लावलीत. मी मान खाली घालून खात होतो आणि प्रत्येक घासाला ठरवत होतो की आता सांगतो, हा घास गिळला की सांगतो. मग पान उचललं आणि गाडीची वेळ झाली.

वेळ नव्हता असं म्हणायची सोय नाही. त्यानंतर तुम्ही चांगली आठ-नऊ वर्षं होतात. दर दिवाळीला मी फराळाला यायचो, दर वेळी ठरवून यायचो आणि दर वेळी चकली चावत वाऱ्याबद्दल बोलून परतायचो. तुम्ही गेलात तेव्हा मी नैरोबीला मुक्कामाला होतो, आलो तोपर्यंत तेरावं होऊन गेलेलं. काकू म्हणाल्या, "तुझी गोष्ट नव्या पोरांना नेहमी सांगायचे. म्हणायचे, एकदा चुकला, पण परत कधी चुकला नाही." मी तिथे बसून रडलो. त्यांना वाटलं तुमच्यासाठी रडतोय, आणि तेही होतंच. पुढे यंत्रं आली, कंपन्यांनी नॅव्हिगेटरची खुर्चीच विमानातून उचकटून काढली, मी कचेरीत नकाशे तपासायला बसलो आणि तिथूनच रिटायर झालो. काकूही गेल्या. आता हे ऐकून घेणारं कोणी उरलं नाही आणि हा कागदही कुठे जाणार नाही, म्हणून लिहितो.

दुसऱ्या वहीत सात त्रिकोण खरे होते. एकवीस वेध मी शहाडला चिखलात बसून, म्हशींच्या शेपट्या खात घेतले, देवाशपथ. मग जूनचे ढग आले आणि हटेनात. तीन संध्याकाळी मी सेक्स्टंट मांडीवर घेऊन नदीकाठी बसलो आणि एक तारा न बघता घरी आलो. मुदत शनिवारी संपत होती. शुक्रवारी घरी परत येऊन मी दार लावलं, तीन तारे निवडले, ह्या वेळी टाइम नीट ग्रिनिचचा धरला आणि गणित उलटं केलं. मग प्रत्येक आकड्यात थोडी थोडी चूक घातली. एकात जास्त, एकात कमी, एकात अगदी किंचित. खरा माणूस कसा चुकतो ते तुम्हीच इतके महिने घोकून घेतलेलं, त्यामुळे ते मला छान जमलं. त्रिकोण पाच मैलांचा आला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच पानाशी थांबलात. म्हणालात, "काल ठाण्यात तर एक तारा दिसला नाही."

मी म्हटलं, "शहाडला अर्धा तास उघडलं होतं, सर."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, परत त्रिकोणाकडे पाहिलंत, आणि तुमचा चेहरा उजळला. ढगाच्या फटीतून घाईत घेतलेला वेध असाच यायचा, म्हणालात, आणि पाच मैल आले ते ह्याने पाच मैलच लिहिले. अख्ख्या वहीत तुम्ही एकच शेरा लिहिलात, त्या आठव्या त्रिकोणाखाली, लाल शाईने, 'उत्तम'. मग शेवटच्या पानावर सही केलीत. लाज मला पुढे पुष्कळ वाटली, सर, अजून वाटते. पण तो शब्द तुम्ही लिहीत होतात तेव्हा मला नुसता आनंद झाला होता.